पाणबुडी बुडाली तर आतली माणसं बाहेर कशी यायची?

शुभदा_गिरगाव

नमस्कार. मी गिरगावात मराठी शाळेत विज्ञान शिकवते. १९६७ साली ८ डिसेंबरला आपली पहिली पाणबुडी, आयएनएस कलवरी, नौदलात आली. म्हणून तो दिवस पाणबुडी दिन. यंदा आठवी-नववीची मुलं त्यानिमित्ताने जुन्या पाणबुड्यांचे तक्ते करणार आहेत.

माहिती गोळा करताना सगळीकडे तेच दिसतं: लांबी किती, शस्त्र कोणतं, कोणतं जहाज बुडवलं. पण वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "बाई, ती खालीच राहिली तर आतल्यांनी काय करायचं? दार उघडून पोहत का येत नाहीत?" दाबाचं सूत्र मी फळ्यावर लिहून दिलं, तिचं समाधान झालं नाही आणि माझंही नाही. खरोखर अडकलेल्या माणसांचं काय झालं ते मुलांना सांगायचं आहे. कुणी मदत कराल?

डॉकवाले_काका

बाई, तुमच्या विद्यार्थिनीला माझा नमस्कार सांगा. या विषयातला मुख्य प्रश्न तिने विचारलाय.

मी मुंबई बंदरात डायव्हर होतो. डॉकच्या दरवाज्याखालचा गाळ, जहाजाच्या पंख्यात गुंतलेले दोर, तळाच्या झडपा, ही आमची कामं. आपल्या बंदरातलं पाणी इतकं गढूळ की खाली दिवा नेऊन उपयोग नाही, सगळं हाताने चाचपून करायचं. वर लाइन धरून बसलेला टेंडर शुद्धीवर आहे तोवर आपण जिवंत. त्यामुळे पाणबुड्यांचा इतिहास वाचताना माझी नजर आधी हवेकडे आणि दाराकडे जाते. तोफा-टॉर्पेडो नंतर.

दाराचं आधी सांगतो. दर १० मीटर खोलीला प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर साधारण १ किलो भार वाढतो. १८ मीटरवर ६० सेंटीमीटर व्यासाचं गोल झाकण धरा, त्यावर जवळजवळ ५ टन बसतात. आत साधी हवा असेल तर दहा माणसांनी खांदा लावला तरी ते हलणार नाही.

आता विल्हेल्म बाउअरची गोष्ट मुलांना नक्की सांगा. हा जर्मनीतल्या बव्हेरियाच्या तोफखान्यातला साधा कॉर्पोरल. डेन्मार्कच्या नौदलाने कील बंदराची नाकेबंदी केली होती, ती फोडायला त्याने १८५० साली लोखंडी पत्र्याची 'ब्रान्टटाउखर' बांधली. लांबी ८ मीटर, दोन माणसांनी मोठी चाकं फिरवायची की पंखा फिरणार. पैसे कमी पडले म्हणून पत्रा पातळ घेतला आणि पाणी भरायला बंद टाक्या न ठेवता ते सरळ तळातच घ्यायचं ठरलं. १ फेब्रुवारी १८५१ ला चाचणीसाठी खाली गेले तेव्हा ते मोकळं पाणी एकदम मागच्या टोकाला धावलं, बोट तिरपी झाली आणि सुमारे १८ मीटरवर तळाला टेकली. पत्रे आत दबले, सांध्यांतून पाणी यायला लागलं.

बरोबरचे दोघे पाणी उपसायला धडपडत होते. बाउअर म्हणाला, उपसू नका, उलट येऊ द्या. बाई, तो क्षण मी कितीदा डोळ्यांसमोर आणला असेल! बुडणाऱ्या डब्यात बसलेल्या माणसाला "पाणी आत घ्या" म्हणणं आणि समोरच्याने ते ऐकणं. पण हिशेब बरोबर होता. पाणी वाढलं की आतली हवा आकसत जाते, तिचा दाब चढत जातो आणि शेवटी आत-बाहेर दाब सारखा होतो. मग ते ५ टन उरतच नाहीत. काही तास गारठ्यात, गळ्याशी आलेल्या पाण्यात थांबल्यावर झाकण उघडलं आणि हवेच्या लोटाबरोबर तिघेही वर आले, जिवंत. बुडालेल्या पाणबुडीतून माणसं सुटल्याची नोंद झालेली ही पहिली घटना. १८८७ साली बंदरातला गाळ काढताना ती बोट सापडली, आज ती ड्रेस्डेनच्या लष्करी संग्रहालयात आहे.

एक गोष्ट मात्र मुलांच्या मनावर ठसवा. वर येताना श्वास धरून ठेवायचा नाही, सोडत यायचं. १८ मीटरवर छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत पावणेतीनपट फुगते, कोंडली तर फुप्फुस फाटतं. नवीन पोरांना आम्ही पहिल्या दिवशी हेच सांगायचो.

ध्रुव_ठाणे

काका, अप्रतिम लिहिलंत. शुभदाताई, मी दोन नावं सुचवतो.

पहिलं हनली. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्यांनी बांधलेली, सुमारे १२ मीटर लांब, सात जण दांडा हाताने फिरवणार आणि एक जण चालवणार. १७ फेब्रुवारी १८६४ ला चार्ल्सटनजवळ तिने हाउसाटोनिक हे जहाज बुडवलं. पाणबुडीने युद्धात जहाज बुडवल्याची ही पहिली वेळ, म्हणून सगळ्या तक्त्यांत ती असते. त्याआधी चाचण्यांमध्येच ती दोनदा बुडून १३ जण गेले होते, ज्याचं नाव तिला दिलं तो हनलीसुद्धा. तरी ती वर काढून पुन्हा खलाशी बसवले. त्या रात्री तेही आठ जण परतले नाहीत. २००० साली बोट वर काढली तेव्हा त्यांचे अवशेष आपापल्या जागेवरच होते. माझं प्रामाणिक मत, तक्त्यावर बुडवलेल्या एका जहाजाच्या शेजारी हे २१ जीवही तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहा.

दुसरं नाव स्पेनच्या नार्सिस मोन्तुरिओलचं. कादाकेसच्या किनाऱ्यावर पोवळी काढणारा एक माणूस बुडून गेलेला त्याने पाहिला आणि अशा माणसांसाठी सुरक्षित बोट करायची असं मनाशी घेतलं. १८५९ मध्ये बार्सिलोनाला 'इक्तिनेओ' पाण्यात उतरली. दुसऱ्या मोठ्या बोटीत १८६७ साली त्याने जस्त, मँगनीज डायऑक्साइड आणि पोटॅशियम क्लोरेट यांचं मिश्रण वापरून वाफेचं इंजिन चालवलं. या रासायनिक क्रियेत उष्णता तर मिळतेच, वर ऑक्सिजनही सुटतो, तोच आतल्यांना श्वासाला. सरकारने पैसे द्यावेत म्हणून बोटीवर तोफही बसवली, पण मदत आली नाही. १८६८ मध्ये बोट भंगारात गेली. हे वाचून मला अजून वाईट वाटतं.

शुभदा_गिरगाव

काका, ध्रुव, मनापासून आभार. बाउअरची गोष्ट आज वर्गात सांगितली, तास संपल्याची घंटा कुणालाच नको होती. लगेच पुढचा प्रश्न आला: पाठीवर टाकी घेऊन का नाही गेले?

डॉकवाले_काका

कारण तेव्हा तशी टाकीच नव्हती. १८३० च्या दशकात ऑगस्टस सीबेने तांब्याचं हेल्मेट आणि बंद पोशाख केला, पण हवा वरून पंपाने, रबरी होजमधून. होज ओढत फार आत शिरता येत नाही. हेन्री फ्लूसने १८७८ मध्ये स्वतंत्र उपकरण काढलं. पिशवीत ऑक्सिजन, आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यायला रसायन. दोनच वर्षांनी त्याची खरी परीक्षा झाली. इंग्लंडमधल्या सेव्हर्न नदीखालच्या रेल्वे बोगद्यात पाणी भरलं होतं आणि आतलं लोखंडी दार बंद करायचं होतं. अलेक्झांडर लँबर्ट नावाचा डायव्हर नेहमीच्या पोशाखात गेला, पण होज ओढता ओढता थकून परतला. मग फ्लूसचं उपकरण लावून तो बोगद्याच्या काळोखात सुमारे ३०० मीटर आत चालत गेला आणि दार लावून आला. बरोबर टेंडर नाही, होज नाही. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठं नाव मला ठाऊक नाही.

याच तत्त्वावर रॉबर्ट डेव्हिसने पाणबुडीतून सुटायचं उपकरण केलं. १९३१ साली चीनच्या किनाऱ्याजवळ ब्रिटिशांची 'पोसायडन' बुडाली, तेव्हा काही खलाशी ते लावून वर आले. शुद्ध ऑक्सिजन खोलवर विषारी ठरतो, म्हणून ते घेऊन खाली रेंगाळायचं नाही, निघायचं.

श्वसनाचा अभ्यास करणारा ब्रिटिश शास्त्रज्ञ हॉल्डेन, त्याचंही नाव घ्या. खोलवर रक्तात विरघळलेला नायट्रोजन घाईने वर आल्यास बुडबुडे होऊन बाहेर पडतो, त्यालाच आम्ही बेंड्स म्हणतो. बुडबुड्यांचं कारण १८७८ मध्ये पॉल बेअरने मांडलं. किती थांबत थांबत वर यायचं याचे तक्ते हॉल्डेनने बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये प्रसिद्ध केले.

ध्रुव_ठाणे

के-१३ राहिली. ब्रिटिशांनी पहिल्या महायुद्धात चक्क वाफेवर चालणाऱ्या, धुराडं असलेल्या पाणबुड्या केल्या होत्या, का तर आरमाराच्या वेगाने पळायला हव्यात. २९ जानेवारी १९१७ ला स्कॉटलंडच्या गेअरलॉखमध्ये चाचणीच्या वेळी बॉयलरला हवा देणारे झरोके उघडे राहिले आणि मागचा भाग भरला. आतल्या ८० पैकी ३२ गेले. पुढच्या भागात अडकलेल्यांचा निरोप वर पोचवायला गुडहार्ट हा अधिकारी निघाला. कप्तान हर्बर्ट फक्त त्याला बाहेर काढून देणार होता. गुडहार्ट वाटेत धडकून मरण पावला आणि हर्बर्टच हवेच्या लोटाबरोबर वर फेकला गेला. त्याच्यामुळे नेमकं कुठे नळी जोडायची ते कळलं, हवा पोचली, बोटीचं नाक वर उचललं आणि ५७ तासांनी उरलेले बाहेर आले. हर्बर्ट धरून ४८ जण वाचले.

मनोज_माझगाव

ताई, आपल्या मुंबईचंही एक सांगतो. माझगाव डॉकमध्ये बांधलेली शल्की १९९२ मध्ये नौदलात आली, भारतात बांधलेली पहिली पाणबुडी. तिच्या शिशुमार वर्गातल्या, म्हणजे त्याच बनावटीच्या, पाणबुड्यांत पोलादाचा एक गोळाच बसवलेला आहे. संकट आलं तर अख्खे ४० जण त्यात शिरायचं, दार लावायचं, गोळा सुटून वर तरंगतो. आणि डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईत नौदलात आलेलं बचाव वाहन ६५० मीटरपर्यंत जाऊन एका वेळी १४ जणांना आणू शकतं.

शुभदा_गिरगाव

गोळ्याचा तक्ता ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला तिलाच देते. काका, दाराचा भार मुलांना हाताने जाणवेल असा काही प्रयोग सुचवाल?

डॉकवाले_काका

सोपा आहे. जुन्या बादलीच्या तळाला मोठं भोक पाडा, ते आतून १० सेंटीमीटरच्या सपाट रबरी चकतीने झाका. चकतीला मध्ये दोरी बांधा. ३० सेंटीमीटर पाणी भरा आणि मुलांना दोरी ओढायला सांगा. भोक जवळपास चकतीएवढं असेल तर दोनेक किलो जोर लागेल. मग तीच भरलेली बादली पाण्याच्या पिंपात आत-बाहेर पातळी सारखी होईपर्यंत उतरवा. चकती एका बोटाने उचलली जाईल. भोकाच्या कडा घासून गुळगुळीत करा, नाहीतर चकती नीट बसत नाही आणि पाणी गळतं. रबर माझ्याकडे पडून आहे, शाळेत आणून देतो, फक्त वेळ कळवा.