बुरशी मारायची की तिचे विष उतरवायचे?

सूक्ष्मदर्शी: 'बुरशीला मारू नका, तिची शस्त्रे काढून घ्या, म्हणजे औषधांना दाद न देणाऱ्या बुरशीचा प्रश्नच मिटेल,' हे येथील कालच्या लेखातील वाक्य वाचून गप्प बसवले नाही. कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी तंतुरूप घेते आणि कॅन्डिडालायसिन नावाच्या विषाने आपल्या पेशींना छिद्रे पाडते, हे २०१६ मध्ये उघड झाले, ते मान्य. परंतु विष निकामी केले तरी बुरशी शरीरातच राहते आणि तिला हुसकावण्याचे काम रुग्णाच्या प्रतिकारशक्तीवर पडते. केमोथेरपीने ज्याच्या पांढऱ्या पेशी संपल्या आहेत, त्याने ते कशाच्या बळावर करावे?

लेखक: 'मिटेल' हा शब्द मागे घेतो, मुद्दा नाही. बुरशीची पेशी आपल्या पेशीशी इतकी मिळतीजुळती आहे की घाव घालण्याजोग्या जागा मोजक्याच उरतात. शिवाय कॅन्डिडा निरोगी माणसाच्या आतड्यातही निरुपद्रवीपणे राहते. तिला सरसकट मारत सुटलो तर मागे चिवट वाणच उरतात.

घाटमाथा: २०२१ मध्ये माझ्या मामांना म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) झाला, तेव्हा ॲम्फोटेरिसिन या बुरशीनाशकाच्या कुप्यांसाठी आम्ही तीन जिल्हे पालथे घातले. त्यांचा डोळा गेला, मूत्रपिंडे दुखावली, पण जीव वाचला, तो बुरशी मारणाऱ्या औषधाने आणि शस्त्रक्रियेने. घरात आग लागलेली असताना ठिणगीचे स्वरूप काय, ही चर्चा आपणच करत बसा.

लेखक: त्याच वर्षी म्युकरच्या बुरशीतही एरंडाच्या बियांतील रिसिनसारखे विष सापडले आणि त्याविरुद्धच्या प्रतिपिंडांनी उंदरांना संरक्षण मिळाले. मूत्रपिंडे दुखावणाऱ्या औषधाला जोड शोधणे ही चैन आहे काय?

नायटाग्रस्त: उंदीर राहू द्या. माझ्या मुलाच्या गजकर्णावर औषधाच्या दुकानदाराने चिठ्ठीवाचून स्टिरॉइड मिसळलेले मलम दिले. खाज थांबली आणि चट्टा पाठभर पसरला. ट्रायकोफायटन इंडोटिनी या गजकर्णाच्या बुरशीच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन हे नेहमीचे औषध चालत नाही, ही गोष्ट भारतातील प्रत्येक त्वचारोगतज्ज्ञ जाणतो. उद्या तुमचे नवे औषधही त्याच मलमात मिसळले जाईल.

घाटमाथा: अगदी खरे! आणि तेच दुकानदार अर्धवट मात्राही देतात.

लेखक: विक्रीतील बेशिस्तीचे खापर संशोधनावर का फोडता? मलमांसाठी वेगळा धागा काढा.

नायटाग्रस्त: ज्याची पाठ सोलली जाते, त्याला धागे वेगळे करता येत नाहीत.

सूक्ष्मदर्शी: लेखकमहाशयांना एवढे देऊन टाकतो: स्त्रियांना वारंवार होणाऱ्या योनिमार्गाच्या कॅन्डिडा संसर्गात बराचसा त्रास विषाने भडकलेल्या दाहाचा असतो, त्यामुळे तेथे विष रोखणे शहाणपणाचे ठरेल. रक्तात उतरलेल्या कॅन्डिडासाठी मात्र मारणारे औषध आधी, आपली कल्पना त्याच्या जोडीला. लेखाचे शीर्षक तेवढे बदलावे.