मे महिन्यात इजिप्त, सोबत आई-बाबा आणि लहान मुलगा: खाणं, पाणी, औषधं याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

शाळेच्या सुट्टीमुळे मे शिवाय जमतच नव्हतं, त्यामुळे कैरो, मग अस्वान आणि तिथून क्रूझने लक्सर असं ठरलंय. तिकिटं काढून झालीत, महिना बदलता येणार नाही. अस्वान-लक्सरला तेव्हा चाळीसच्या आसपास असतं.

बाबा ७० चे, डायबेटिस आहे, रात्री इन्सुलिन घेतात, बीपीच्या गोळीत लघवी जास्त होणारं औषध आहे, शिवाय गुडघ्यासाठी पेनकिलर असतेच. आई पूर्ण शाकाहारी आणि संकष्टी काही झालं तरी सोडणार नाही, ती नेमकी क्रूझवर असतानाच येतेय. मुलगा ७ वर्षांचा.

बाबा मूळचे अकोल्याचे, म्हणतात मला उन्हाचं काय सांगता. अहो पण अकोल्यात मे महिन्यात दुपारी माणसं कूलरपुढे आडवी असतात, आणि इथे आपण उघड्यावर देवळं बघत हिंडणार! हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही, जागच्या जागी सुकतो, आणि बाबा प्रवासात सारखं बाथरूमला जायला नको म्हणून पाणीच पीत नाहीत. मला सगळ्यात जास्त भीती याचीच आहे, पोट बिघडण्यापेक्षाही.

आतापर्यंत एवढं ठरवलंय की पाणी फक्त सीलबंद बाटलीचं, दात घासायलाही तेच, बर्फ नाही, उसाचा रस नाही, कच्चं सॅलड नाही, फळं आपण स्वतः सोलून खायची. नाईलच्या पाण्यात पाय सोडायचे नाहीत कारण त्यात बिल्हार्झियाचे जंतू असू शकतात, ते कातडीतून आत शिरतात. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए च्या लसींचं डॉक्टरांशी बोलणं झालंय. आईसाठी कोशरी (भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर तळलेला कांदा), फूल म्हणजे शिजवलेल्या बाकल्याच्या बिया आणि गरम गरम तळून देतात ती तामेया (बाकल्याचेच वडे), हे चालेल असं दिसतंय.

आता विचारायचंय ते हे. अबू सिंबेलची देवळं बघायला अस्वानहून पहाटे निघतात, जवळपास २८० किमी, तेव्हा क्रूझवाले नाश्त्याचा डबा देतात, त्यात अंडं, चीज, पाव वगैरे. तो बसमध्ये किती वेळ ठेवलेला चालतो? इन्सुलिन उन्हात कसं सांभाळता? आणि उपवासाच्या दिवशी आईला काय द्यायचं, राजगिरा लाडू नेणारच आहे पण चंद्र दिसेपर्यंत त्या उन्हात नुसत्या लाडूवर कशी राहील ती?

---

प्रतिसाद: निळीशाई

मी मेडिकल स्टोअरमध्ये काम करते त्यामुळे औषधांचं आधी सांगते. बाबांची गुडघ्याची गोळी कुठली ते आजच बघा. काही गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉलबरोबर ट्रामाडॉल (अफूसारखं काम करणारं, सवय लागू शकणारं पेनकिलर) असतं आणि इजिप्तमध्ये त्याबाबत फार कडक आहेत, २०१७ मध्ये एका ब्रिटिश बाईंना २९० गोळ्या नेल्या म्हणून तीन वर्षांची शिक्षा झाली होती. तसं असेल तर डॉक्टरांकडून दुसरी गोळी लिहून घ्या. बाकीची औषधं मूळ पाकिटात आणि प्रिस्क्रिप्शनसकट न्या.

दुसरं, जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर लघवीची गोळी आणि मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन अशा शुगरच्या गोळ्या घेत असतील तर त्यातलं काय थांबवायचं, इन्सुलिन किती घ्यायचं, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा. मनाने काही बंद करू नका. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटरला असते आणि तिकडे बाटली बहुतेक दीड लिटरची, तेव्हा आधी तिसरा हिस्सा पाणी काढून घ्या मग पुडी टाका. शुगर आहे म्हणून जुलाबात ओआरएस टाळू नका, लिटरमध्ये ग्लुकोज साडेतेरा ग्रॅमच असतं, शुगर तपासत राहा. जुलाब थांबवायची लोपेरामाइड मुलाला अजिबात नाही, आणि ताप किंवा रक्त असेल तर मोठ्यांनाही नाही.

इन्सुलिन केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये गोठू शकतं. वापरात असलेलं पेन ३० डिग्रीच्या आत ठेवायचं, त्यासाठी पाण्यात भिजवायचे पाऊच मिळतात, माठासारखे बाष्पीभवनाने गार राहतात, कोरड्या हवेत तर छानच चालतात. बर्फाला चिकटवून मात्र ठेवू नका.

डबा हातात पडला की लगेच खाऊन टाका, ३२ च्या वर तापमान असेल तर अंडं-चीज तासाभराच्या पुढे नको. आईंना उपवासाला सीलबंद दही चालेल, तिकडे झबादी म्हणतात, त्यात मीठ-पाणी घालून ताक करून द्या. व्हॅली ऑफ द किंग्जला सकाळी ६ ला उघडतं तेव्हाच पोचा, थडग्यांच्या आतही खूप कोंदट होतं.

---

धागाकर्ती

ताई, खूप खूप आभार! गोळीचं पाकीट आत्ताच बघितलं, ट्रामाडॉल आहे त्यात. उद्याच डॉक्टरांकडे जातेय. क्रूझच्या रूममधला फ्रिज रात्रभर चालू राहतो का, आणि त्यात इन्सुलिन गोठत तर नाही ना, हे कोणी जाऊन आलेल्यांनी सांगाल का?