रोइंग क्लबात प्रवेश: एकतिसाव्या वर्षी शून्यापासून सुरुवात, स्पर्धेपर्यंत जाता येईल का?

नदीकाठ

नमस्कार मंडळी. रोइंग शिकायचं पक्कं केलं आहे. वय ३१, पोहता येतं, जिममधल्या रोइंग मशीनवर नियमित व्यायाम करतो (पंख्याचा खटका, म्हणजे डॅम्पर, १० वर ठेवून). जाण्यासारखे दोन क्लब आहेत. एकात नवशिक्यांचा आठ आठवड्यांचा कोर्स आहे. दुसऱ्यात थेट सभासद व्हायचं आणि जमेल तसं शिकायचं. क्लब निवडताना नेमकं काय बघावं? सुरुवातीला काय चुकतं? आणि स्पर्धेचं दार या वयात उघडं असतं, की ते शाळा-कॉलेजातच गाठावं लागतं?

धक्का

कोर्सवाला क्लब घ्या. मात्र पैसे भरण्याआधी एखाद्या सकाळी सराव चालू असताना धक्क्यावर अर्धा तास उभे राहा. माहितीपत्रकापेक्षा जास्त तिथे कळेल.

नवशिक्यांना कोणत्या बोटीत बसवतात ते आधी बघा. रुंद, स्थिर सराव-बोट किंवा कॉक्स (सुकाणू सांभाळून सूचना देणारा) असलेली चौघांची बोट, आणि सोबत एखाददोन जुने हात, अशी व्यवस्था हवी. रेसिंग सिंगल, म्हणजे एकट्याची शर्यतीची बोट, ८ मीटरच्या आसपास लांब आणि पाण्यालगत जेमतेम ३० सेंटीमीटर रुंद असते. तिला तोल असा नसतोच, पाण्यावर आडवी पसरलेली दोन वल्ही तिला सावरून धरतात. पहिल्याच दिवशी कुणी तुम्हाला तिच्यात ढकलत असेल तर दुसरा क्लब बघा.

पोहण्याची चाचणी घेतात का, मोटरबोटीतून प्रशिक्षक मागे असतो का, वादळी हवेत सराव कोण रद्द करतं, हे स्पष्ट विचारा.

मग बोटीजवळ जा. टोकाला पांढरा रबरी गोळा आहे का? पुढच्या-मागच्या हवाबंद कप्प्यांची झाकणं लागतात का? बोट उलटली तर तीच हवा तिला तरंगती ठेवते. सर्वांत महत्त्वाच्या टाचेच्या दोऱ्या. बूट बोटीलाच पक्के केलेले असतात. उलटल्यावर हात न लावता पाय सुटायला हवेत, म्हणून टाच दोरीने खाली बांधतात आणि ती ७ सेंटीमीटरपेक्षा वर उचलली जाता कामा नये. दोरी ताणली की बूट तिथेच थांबतो आणि पाय बाहेर येतो. बसण्याआधी प्रत्येक बुटाची टाच ओढून बघायची सवय लावा. क्लबाच्या सामायिक बोटींत ही दोरी तुटलेली किंवा सैल सापडते आणि नवखा माणूस तिकडे बघतही नाही.

बोट उलटलीच तर काठाकडे पोहत निघायचं नाही. तिला धरून राहायचं, जमल्यास तिच्यावर पालथं पडायचं. थंड पाण्यात हातपायांतलं बळ फार लवकर जातं, काठ कितीही जवळ दिसो.

फेदर

वरच्याला अनुमोदन. आता तंत्राबद्दल.

डॅम्पर १० वरून खाली आणा. तो आकडा म्हणजे व्यायामाची कठीण पातळी नव्हे, पंख्यात किती हवा शिरते त्याचं माप आहे. जास्त हवा असली की चाक दोन स्ट्रोकच्या (ओढींच्या) मध्ये लवकर मंदावतं आणि प्रत्येक वेळी जड वजन नव्याने ओढावं लागतं. त्याचा मार कमरेवर बसतो. मशीनच्या मेनूत ड्रॅग फॅक्टर (चाकाला होणाऱ्या हवेच्या विरोधाचं माप) दिसतो, तो ११० ते १३० ठेवा. बहुतेक मशीनवर डॅम्पर ३ ते ५ ला तो येतो. जाळीत धूळ बसली असेल तर थोडा वर न्यावा लागतो.

ओढताना क्रम पाय, पाठ, हात. परतताना हात, पाठ, पाय. मिनिटाला १८ ते २० स्ट्रोक पुरेत. सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे पाय सरळ होतात, सीट मागे पळते, पण हँडल जागचं हलत नाही. पायांचा जोर वाया जातो आणि मग उरलेलं सगळं पाठ ओढते. बाजूने व्हिडिओ घ्या: सुरुवातीला सीट आणि हँडल सारख्याच अंतराने सरकायला हवेत.

पाण्यावर नवशिक्याला छळतो तो 'क्रॅब'. वल्ह्याचं पातं पाण्याबाहेर येण्याआधीच आडवं झालं की पाणी त्याला खाली खेचतं आणि हँडल पोटावर आदळतं. उपाय: ओढ संपताना हँडल आधी खाली दाबा, पातं उभंच बाहेर काढा, आणि मगच मनगटाने आडवं करा. सुरुवातीचे आठवडे पातं आडवं न करताच वल्हवलं तरी चालेल. क्रॅब लागलाच तर झुंजू नका, मागे झोपून हँडल डोक्यावरून जाऊ द्या.

दोन वल्ह्यांचं स्कलिंग आधी शिका, एका वल्ह्याचं स्वीप नंतर. स्कलिंगमध्ये मधोमध हँडलं एकमेकांवर येतात. बहुतेक ठिकाणी डावा हात वर आणि उजवा त्याखाली घेतात. बोट एका बाजूला कलत असेल तर आधी हातांच्या उंचीतला फरक तपासा, शरीर झुकवून ती सरळ होत नाही. पकड बोटांत, मूठ आवळायची नाही. हातमोजे नकोत, पकडीचा अंदाज जातो. फोड येतील, त्यांची कातडी ओढू नका. सैल टी-शर्टही टाळा, अंगठा त्यात अडकतो.

नदीकाठ

दोघांचे आभार, डॅम्पर आजच खाली येतोय. स्पर्धेचं काय? मशीनवर २००० मीटरला ८:१० लागतात.

स्ट्रोकसीट

दार उघडं आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत मास्टर्स (प्रौढांचा) गट सत्ताविसाव्या वर्षापासून सुरू होतो आणि शर्यत १००० मीटरची असते. सांघिक बोटीचा वयोगट सगळ्यांच्या सरासरी वयावर ठरतो, त्यामुळे पन्नाशीतल्या जोडीदारांसोबतही बसता येतं. शिवाय क्लब पातळीवर नवोदितांच्या शर्यती असतात.

८:१० म्हणजे ५०० मीटरला २:०२.५, सुमारे १९० वॅट. आठ मिनिटांसाठी २:०० हवेत, म्हणजे साधारण २०३ वॅट. वेग जरा वाढवायचा तर ताकद त्याच्या घनाच्या पटीत लागते, म्हणून शेवटचे सेकंद फार महाग पडतात. ते रोज दमछाक करून मिळत नाहीत. आठवड्यातला तीन-चतुर्थांश सराव बोलता येईल इतक्या संथ गतीने, १८-२० च्या दराने करा. जोराचे एक-दोन दिवस बास. संथ दिवस घाईत उरकणारे कंबर किंवा बरगडी दुखावून बसतात.

नाव नोंदवण्याआधी मात्र मशीनवरच्या वेळेपेक्षा हे जमतंय का बघा: बोट जागेवर वळवणं, चार-पाच स्ट्रोकमध्ये थांबवणं, उलटं वल्हवत सुरुवातीच्या तराफ्याला टेकवणं आणि बाजूच्या वाऱ्यात सरळ ठेवणं. नवख्यांची शर्यत बहुधा सुरुवातीच्या रेषेवरच बिघडते. बोट तिरकी उभी असते, आणि निघाल्यावर पहिल्याच शंभर मीटरमध्ये सगळा दम संपतो.

क्लबाला एक आणखी विचारा: कोर्स संपल्यावर कोणत्या बोटी वापरायला मिळतात आणि कोणत्या वेळी? बऱ्याच ठिकाणी चांगल्या बोटी स्पर्धक संघासाठी राखीव असतात. नवशिक्यांची पुढची तुकडी ठरलेली नसेल तर कोर्सनंतर तुम्ही धक्क्यावरच उभे राहाल. दोन्ही क्लबांकडून याचं उत्तर घ्या, मग फी भरा.