एमडी जेरियाट्रिक्सचं पहिलं वर्ष : राउंडवर नेमकं काय बघायचं?

नवा_निवासी :
नमस्कार. इंटर्नशिप संपवून यंदा एमडी जेरियाट्रिक्सला, म्हणजे वृद्धांच्या आजारांच्या शाखेला लागलोय. शाखा स्वतःहून घेतली, आजी-आजोबांजवळ वाढलो म्हणून. पण वॉर्डात गोंधळ उडतो. एमबीबीएसला एक पेशंट, एक निदान असं शिकलो. इथे एकाच आजोबांना बीपी, शुगर, प्रोस्टेट, गुडघे, आणि वर 'परवापासून काहीबाही बडबडतायत'. नातेवाईकच सगळं सांगतात, पेशंट गप्प. पहिल्या सहा महिन्यांत कशावर भर देऊ?

नाशिकची_डॉक्टर :
शाखा मनापासून घेतलीस, फार बरं वाटलं. आपल्याकडे ही एमडी १९९६ साली मद्रास मेडिकल कॉलेजात सुरू झाली. अजूनही माणसं कमीच आहेत.

निदानाच्या आधी एक विचार : पंधरा दिवसांपूर्वी हे काय काय करत होते? मोरीपर्यंत एकटे जायचे? भारतीय संडासातून उठता यायचं? आपल्या हाताने जेवायचे? कोपऱ्यावरून भाजी आणायचे? हे फाइलच्या पहिल्या ओळीत लिही. पेशंटला कुठवर परत न्यायचं ते त्यावरून ठरतं, सोडियमच्या आकड्यावरून नाही.

दोन दिवसांत सुरू झालेल्या बडबडीला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) म्हणून मोकळा होऊ नकोस. तो सहसा महिन्या-वर्षांनी वाढतो. हे डेलिरियम, म्हणजे आजाराने किंवा औषधाने अचानक आलेला भ्रम समजून कारण शोध. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांग. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीलाही ते जमतं. लक्ष ठरत नसेल तर गुरुवारपाशी अडकते, नाहीतर पुन्हा सरळ म्हणू लागते. मग पोटावर हात ठेव. आमच्याकडे एका आजोबांना 'वेड लागलं' म्हणून आणलं होतं, हातपाय बांधायची तयारी चालली होती. बेंबीखाली नारळाएवढा घट्ट गोळा लागला : लघवी तुंबलेली. प्रोस्टेट आधीच वाढलेलं, त्यात मेडिकलमधून आणलेली सर्दीची गोळी, क्लोरफेनिरामाइनवाली. नळी घातली, गोळी बंद केली. तिसऱ्या दिवशी आजोबा मुलाला लासलगावचा कांद्याचा भाव विचारत होते.

म्हणून औषधांची नुसती चिठ्ठी बघू नकोस, घरची पिशवी मागव आणि खाटेवर पालथी कर. बीपीचं एकच औषध, अम्लोडिपिन, दोन कंपन्यांच्या नावांनी निघतं. त्याने पाय सुजतात, सुजेसाठी कोणीतरी लघवीची गोळी देतं, मग कपडे ओले होतात म्हणून लघवी रोखायला ऑक्सिब्युटिनिन, आणि त्याने डोकं भ्रमतं. चौथी गोळी लिहायच्या आधी पहिलीकडे बघ. माझ्या मते आपल्या शाखेचं निम्मं काम औषध कमी करण्याचं आहे, आणि ते लिहिण्याहून अवघड आहे.

छातीत न दुखता हार्ट अटॅक येतो, तापाशिवाय न्यूमोनिया होतो. 'कालपासून जेवत नाहीत' एवढंच लक्षण असू शकतं.

वॉर्डातली_सिस्टर :
डॉक्टर, नर्सिंगच्या बाजूने सांगते. नळी आणि सलाइन गरज संपल्याबरोबर काढायची ऑर्डर लिहा, राउंडवर रोज विचारा. ती राहिली की पेशंट खाटेला जखडतो. चष्मा, कवळी, कानाचं मशीन नातेवाईक हरवेल म्हणून घरीच ठेवतात. पहिल्याच दिवशी मागवा. जेवण खुर्चीत बसवूनच.

नाशिकची_डॉक्टर :
सिस्टरांचं अगदी खरं. २००७ साली छापून आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना १० दिवस नुसतं अंथरुणावर ठेवलं, तर पायांचं सुमारे एक किलो मांस झडलं. आपले पेशंट तर आजारी. पडून आलेल्याचं बीपी आडवं असताना घे, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर पडण्याचं कारण तिथेच असू शकतं.

नवा_निवासी :
आजच एका आजींची पिशवी बघितली, झोपेच्या गोळ्यांची दोन पाकिटं निघाली. पण त्यांना ऐकूच येत नाही. मशीन नाही, ओरडलं की घाबरतात. हिस्टरी कशी घ्यायची?

नाशिकची_डॉक्टर :
त्या गोळ्या एकदम तोडू नकोस, हळूहळू उतरव. नाहीतर उलट डेलिरियम ओढवेल. ऐकण्याचं म्हणशील तर आधी कानात मळ आहे का बघ. तोवर आपला स्टेथोस्कोप आजींच्या कानाला लाव आणि दुसऱ्या टोकाच्या चकतीत सावकाश, हलक्या आवाजात बोल. मुलाला दहा मिनिटं बाहेर बसव. झोप का लागत नाही, ते आजींनाच विचार.