परवाना परीक्षेआधी निव्वळ अभ्यासासाठी किती महिने हवेत? ग्रामीण विदर्भातील अनुभव

आर्वी परिसरातून किर्गिझस्तान, जॉर्जिया, रशिया आणि फिलिपिन्स येथे वैद्यकशास्त्र शिकायला गेलेली मुले-मुली परत आली की त्यांच्यापेक्षा आधी त्यांचे पालक मला विचारतात, "डॉक्टरसाहेब, एफएमजीईसाठी किती महिने घरी बसावे लागेल?" एफएमजीई म्हणजे परदेशात शिकलेल्यांना भारतात डॉक्टर म्हणून नोंदणी मिळवण्यासाठी द्यावी लागणारी परवाना परीक्षा. मी ग्रामीण रुग्णालयात काम करतो आणि यांपैकी काहींना अधूनमधून शिकवतो. सर्व विषय एकदा नीट वाचून झाले असतील तर तीन महिने, हे माझे उत्तर बहुतेकांना आवडत नाही, कारण त्यातील 'असतील तर' हा भाग नेमका त्यांच्याकडे नसतो.

परीक्षा वर्षातून दोनदा होते. दोन भागांत मिळून ३०० प्रश्न असतात, प्रत्येक भागाला १५० मिनिटे मिळतात, चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत आणि १५० गुणांना उत्तीर्ण होता येते. एवढे सोपे वाटणारे नियम असूनही उत्तीर्णांचे प्रमाण बहुतेक सत्रांत एक तृतीयांशाच्या खाली राहिले आहे. भारतातच शिकलेल्यांना विद्यापीठाची अंतिम परीक्षा आणि आंतरवासिता यांवर नोंदणी मिळते. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्यातील 'नेक्स्ट', म्हणजे सर्वांसाठी एकच अंतिम आणि परवाना परीक्षा, २०२३ च्या जुलैत पुढे ढकलली गेली. त्यामुळे येथे शिकलेल्यांची खरी झुंज नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेशी असते, पण वेळेचा प्रश्न त्यांनाही तितकाच छळतो. म्हणून परीक्षा दिलेल्यांकडून अनुभव मागवले. लिहिताना आपण किती महिने दिले एवढेच न सांगता, त्याआधी काय वाचून झाले होते आणि दिवसातील किती तास प्रत्यक्षात हाती लागले, हेही कृपया लिहावे.

दारव्हा तालुका, यवतमाळ जिल्हा

मी किर्गिझस्तानातून परतलो आणि घरच्यांच्या आग्रहामुळे लगेच आलेल्या सत्राला बसलो, कारण एक सत्र सोडले की अर्धे वर्ष गेले असा त्यांचा हिशेब होता. तो हिशेब चुकीचा नव्हता. मात्र माझी अडचण वेगळी होती. तिकडे शरीररचनाशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र कसून शिकवले गेले होते, परंतु वॉर्डातील रुग्ण रशियन किंवा किर्गिझ बोलत आणि आम्हाला ती भाषा कामापुरतीच येत असल्यामुळे मेडिसिन आणि सर्जरी हे विषय वहीतच राहिले. एफएमजीईत पहिल्या दोन टप्प्यांतील विषयांना १०० आणि क्लिनिकल विषयांना २०० गुण असतात. म्हणजे जे मला येत होते त्याला एक तृतीयांश वजन, आणि जे मी प्रथमच वाचत होतो त्याला दोन तृतीयांश.

त्यानंतरच्या सत्रासाठी सुमारे पाच महिने मिळाले. मे महिन्यात आमच्या गावात दुपारी पत्र्याखाली बसवत नाही, आणि वीज गेली की कूलरही बंद. म्हणून यवतमाळला एका अभ्यासिकेत महिनेवारीने जागा घेतली. सकाळी सहाला ती उघडत असे. पहिले दोन महिने केवळ मेडिसिन, सर्जरी आणि स्त्रीरोग या तीन विषयांना दिले, आणि उरलेल्या काळात दुपारपर्यंत उजळणी व दुपारनंतर प्रश्न सोडवणे असा क्रम ठेवला. पेरणीच्या दिवसांत वडिलांनी वावरात बोलावले नाही, याची किंमत मला माहीत आहे. त्यांनी तेवढे मजूर लावले.

संकलकाची टीप

दारव्ह्याच्या या दादांनी जो फरक दाखवला तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'अभ्यासाचे महिने' मोजताना प्रथम वाचन आणि उजळणी एकाच खात्यात टाकली जाते. अमेरिकेतील विद्यार्थी तिकडच्या परवाना परीक्षेसाठी सहा-आठ आठवडे पुरे झाले असे सांगतो, तेव्हा ते आठवडे केवळ उजळणीचे असतात. तेवढाच काळ नवीन विषय शिकण्यासाठी धरला, तर निकाल काय लागेल हे वेगळे सांगायला नको.

गोंदिया, आंतरवासिता सुरू असलेली विद्यार्थिनी

नीट-पीजीमध्ये २०० प्रश्न साडेतीन तासांत सोडवायचे असतात आणि चुकीच्या उत्तराचा एक गुण जातो. आमच्या बॅचमधील जवळजवळ प्रत्येकाने सामुदायिक वैद्यकशास्त्राचे बारा आठवडे अभ्यासासाठी राखून ठेवले होते, कारण आरोग्य केंद्रातील बाह्यरुग्ण विभाग दुपारी आटोपतो. मला त्या काळात दिवसाला पाच तास मिळाले. प्रसूती विभागात असताना मात्र एकही तास मिळाला नाही, आणि मिळावा अशी अपेक्षाही मी ठेवली नाही. टाके घालायला त्याच महिन्यांत शिकले.

भामरागड तालुका, गडचिरोली जिल्हा, प्राथमिक आरोग्य केंद्र

बंधपत्राच्या सेवेसाठी मी येथे आलो तेव्हा मित्रांनी अभिनंदन केले की, पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद होईल आणि भरपूर अभ्यास होईल. ज्याने पूर पाहिला नाही त्यालाच असे वाटते. रस्ता बंद झाला तरी रुग्ण येतच राहतात. बंद होते ते रुग्णाला पुढे पाठवणे. गुंतागुंतीची प्रसूती किंवा श्वास जड झालेला सर्पदंशाचा रुग्ण समोर असताना पुस्तक उघडण्याचा प्रश्नच येत नाही. मोबाइलला रेंज नसल्याने चित्रफितींवर आधारलेली तयारीही कोलमडते. मी तालुक्याबाहेर गेलो की सारे डाउनलोड करून आणत असे आणि छापील नोट्स जवळ ठेवत असे.

तरीही या नोकरीने माझे काही आठवडे निश्चित वाचवले. हिवतापाची जलद तपासणी, फाल्सिपेरम या गंभीर हिवतापाचा उपचार, सिकलसेलच्या मुलाला येणारी वेदनेची कळ, लसीकरणाचे वेळापत्रक, क्षयरोगाची औषधे हे सर्व रोज हाताखालून जात असल्यामुळे त्या भागांची वेगळी उजळणी करावी लागली नाही. नेत्र, कान-नाक-घसा आणि क्ष-किरणशास्त्र यांना मात्र नोकरीचा काहीही उपयोग झाला नाही. त्यासाठी शेवटी दीड महिन्याची रजा काढली. रजेशिवाय झाले असते का, असे मला कनिष्ठ सहकारी विचारतात. माझ्या मते नाही.

पवनी तालुका, भंडारा जिल्हा

दहा-बारा तास अभ्यास केल्याशिवाय एफएमजीई होत नाही हे मी इतक्यांदा ऐकले की लेकराला मांडीवर घेऊन रडायची वेळ आली होती. मला रोवणीच्या हंगामातही पहाटेचे दोन आणि रात्रीचे दोन असे चार तास मिळत, आणि ते मी आठ महिने सोडले नाहीत. शेवटच्या दोन महिन्यांसाठी सासूबाईंनीच मला नागपूरला माहेरी पाठवले. तेथे आई बाळाला सांभाळत असल्यामुळे तास दुप्पट झाले. एकदम चार महिने मिळणे ज्या बहिणींना शक्य नाही त्यांनी त्याची वाट पाहत बसू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

पुसद, यवतमाळ जिल्हा (यूएसएमएलई, म्हणजे अमेरिकेतील वैद्यकीय परवाना परीक्षा)

वर संकलकांनी अमेरिकेचा उल्लेख केला म्हणून लिहितो. तिच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे स्टेप १ मध्ये, २८० प्रश्न होते आणि पूर्ण दिवस आठ तासांचा होता. जानेवारी २०२२ पासून तिचा निकाल केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा लागतो. तिकडच्या अनेक विद्यार्थ्यांना महाविद्यालय अभ्यासाची सुट्टी देते आणि त्यांचे पायाभूत विषय नुकतेच शिकून झालेले असतात. मी जीवरसायनशास्त्र पहिल्या वर्षी वाचले होते आणि परीक्षा दिली आंतरवासितेनंतर. मधल्या काळात एन्झाइमांची नावे सोडा, तो विषय कशासाठी होता हेही विसरलो होतो. मला आठ महिने लागले, त्यांतील शेवटचे दोन पूर्णवेळ होते. त्या दोन महिन्यांत दर रविवारी घड्याळ लावून सलग आठ तास प्रश्न सोडवले, कारण पाचव्या तासानंतर डोके कसे चालते हे वाचून कळत नाही. केंद्र हैदराबादला मिळाले. नांदेडहून गाडीने एक दिवस आधी जाऊन राहिलो. आमच्या भागातील विद्यार्थ्याने प्रवासाचे आणि मुक्कामाचे दिवस अभ्यासात धरू नयेत.

मंगरूळपीर तालुका, वाशिम जिल्हा, एका विद्यार्थिनीचे वडील

मुलगी डॉक्टर होऊन आली, मग दवाखाना कधी टाकणार, हे गावात प्रत्येक लग्नात विचारले जाते. परीक्षा बाकी आहे असे सांगितले की ऐकणाऱ्याला ती नापास झाली असे वाटते. आम्ही तिच्याशी बसून दोन सत्रांची मुदत ठरवली आणि तोपर्यंत घरात कोणीही निकालाविषयी किंवा स्थळाविषयी बोलायचे नाही असे ठरले. हा नियम मोडणारा बहुतेक वेळा मीच असे, पण नियम होता म्हणून तिला मला थांबवता येत असे.

देऊळगाव राजा तालुका, बुलढाणा जिल्हा

मी जॉर्जियात पाचव्या वर्षाला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी दोन महिने असेन. आतापासून काय वाचावे म्हणजे नंतरचे महिने कमी होतील?

संकलकाचे उत्तर

सामुदायिक वैद्यकशास्त्र वाचावे. एफएमजीईत त्याला ३० गुण आहेत, म्हणजे स्त्रीरोगाइतकेच, आणि आपले राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम तिकडे कोणी शिकवत नाही. वाचनाबरोबरच आठवड्यातून दोन सकाळी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या परवानगीने बसावे. लसीकरणाच्या दिवशी तर जरूर जावे, आणि परिचारिका ताईंना शीतसाखळीचा, म्हणजे लसी थंड ठेवण्याचा, फ्रीज उघडून दाखवायला सांगावे. कोणती लस कोणत्या तापमानाला ठेवतात हे तेथे एकदा पाहिले की पुन्हा पाठ करावे लागत नाही. सुट्टी संपता संपता मेडिसिनचे हृदय आणि श्वसन हे दोन भाग वाचून होतील असे पाहावे. त्याहून अधिक योजना आत्ता करू नये.