मदत हवी आहे: अल्टोचा ब्रेक मास्टर सिलिंडर घरीच बदलायचा आहे

दारव्हा_अल्टो: नमस्कार मंडळी. 2009 ची अल्टो, एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. उतारावर ब्रेक दाबून धरला की पेडल हळूहळू खाली बसते, सोडून पुन्हा दाबले की वर येते. ब्रेक ऑइलची लेव्हल तेवढीच, चारही चाकं कोरडी. गॅरेज लांब, आणि अशा ब्रेकवर गाडी रस्त्यावर काढायची नाही. घरी पाने, व्हाइस आहे, पेडल दाबायला पुतण्या आहे. ऑइल किती आणू? पाइपातली एअर (हवा) काढायचा चाकांचा क्रम कोणता?

वणीचा_पाना: लक्षण मास्टरचंच आहे भाऊ, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या सिलिंडरचं. आतल्या रबर कपावरून ऑइल मागे सरकते, म्हणून बाहेर थेंब दिसत नाही. फक्त किट (आतली रबरं) टाकायच्या भानगडीत पडू नका. बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, खड्डे पडले असले तर नवं रबरही कापते.

ऑइल मास्टरवरच्या टाकीच्या झाकणावर लिहिलं असेल तेच, डॉट 3 किंवा डॉट 4. अर्ध्या लिटरच्या दोन सीलबंद बाटल्या घ्या. मागच्या वर्षीची उघडी बाटली नको. ब्रेक ऑइल हवेतली ओल पिते. डॉट 3 चा उकळबिंदू कोरडा असताना किमान 205 अंश, ओल धरली की 140 पर्यंत येतो.

आधी पिचकारीने टाकी रिकामी करा. पाइपांचे नट साध्या पान्याने खोलू नका, कडा गोल झाल्या की पाइपच बदलावा लागते. फ्लेअर पाना (पाइपाचा नट जवळपास सगळ्या बाजूंनी धरणारा) मागून आणा. कोणता पाइप कुठला, त्यावर चिकटपट्टी लावून ठेवा. मास्टर काढला की बूस्टरचं (मास्टरमागचा, पायाचा जोर वाढवणारा डबा) तोंड पाहा. तिथं ओलं असेल तर मागचं सीलही गेलं होतं, बूस्टरमधलं ऑइल पुसून घ्या. नवा मास्टर टाकीशिवाय आला तर जुनी टाकी धुऊन पूर्ण वाळवा, ग्रोमेट (टाकीखालची रबरी बुचं) नवेच टाका.

रिसोड_७७: मास्टर गाडीवर चढवायच्या आधीच एअर काढा. खरं काम तेच, आणि तेच लोक टाळतात. व्हाइसमध्ये फ्लँज (नट बसायची चपटी कड) धरा, बॉडी आवळू नका. दोन्ही आउटलेटला नळी लावून तिचं टोक टाकीतल्या ऑइलमध्ये बुडवा. स्क्रूड्रायव्हरने पिस्टन सावकाश आत ढकला, सावकाश सोडा. आधी मोठे बुडबुडे येतील, मग मोहरीएवढे, मग बंद. तोवर थांबायचं नाही. बसवताना नट आधी हाताने तीन-चार आटे चालले पाहिजेत. वाकडा गेला तर नव्या मास्टरचे आटे जातात.

दारव्हा_अल्टो: पेडल भराभर पंप करून एअर लवकर निघते म्हणतात, खरं का?

रिसोड_७७: नाही बाप्पा. त्यानं हवेचा फेस होतो अन् तो निघता निघत नाही. पुतण्याला सांगा, हळू दाब आणि धरून ठेव. तुम्ही चाकामागचं निपल (हवा काढायचा स्क्रू) पाव फेरा उघडा, पेडल खाली गेलं की निपल बंद करा, मगच त्यानं पाय उचलायचा. मेडिकलमधली सलाइनची नळी निपलवर बसते, दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. अल्टोची लाइन तिरपी आहे, एका लाइनवर मागचं एक अन् समोरासमोरचं पुढचं चाक, म्हणून क्रम असा: मागचं डावं, पुढचं उजवं, मागचं उजवं, पुढचं डावं. दर पाच-सहा दाबांनंतर टाकी पाहा. तळ लागला तर सगळं पहिल्यापासून.

वणीचा_पाना: पेडल स्पंजासारखं लागलं तर एअर बाकी. खाली जाऊन दुसऱ्या दाबाला कडक होत असेल तर मागच्या ड्रमचे ब्रेक शू सैल आहेत, उगाच ऑइल वाया घालू नका. चाकं जॅकवर जड फिरली तर मास्टरचे बूस्टरवरचे दोन नट जरा ढिले करून पाहा. लगेच मोकळी झाली तर पुशरॉड (बूस्टरमधून मास्टरचा पिस्टन ढकलणारी दांडी) लांब पडला, टाकीकडे परत जायचं छिद्र उघडत नाही.

रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाणी ओता, नाहीतर पापुद्रे निघतात. रबर पुसायला डिझेल-पेट्रोल अजिबात नको, फुगते.

शेवटी इंजिन चालू ठेवून पेडल जोरात अर्धा मिनिट धरा. बसलं नाही तर प्रत्येक नटाखाली कोरडा कागद फिरवून पाहा, मग शेताच्या धुऱ्याशेजारच्या मोकळ्या पांदणीत पहिल्या गिअरवर ब्रेक मारून बघा.