घाटातली लाल रेघ बघा

कुणीतरी लिहिलंय की 6 कोटी वर्षं काय न 60 कोटी वर्षं काय, डोक्यात दोन्ही सारखेच शिरतात, अगदी खरंय, माझंही तेच व्हायचं. मला फरक कळला तो घाटात. रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये कधीकधी विटकरी लाल पट्टा दिसतो, हातभर जाडीचा, नखाने खरवडला की भुगा पडतो. म्हणजे लाव्हा आला, थंड झाला, वरचा दगड झिजून त्याची माती झाली आणि मग पुढचा लाव्हा येऊन ती भाजून निघाली!! दगडाची माती व्हायला हजारो वर्षं लागतात हो, आणि सह्याद्रीत असे थर कितीतरी आहेत एकावर एक. तरी हा सगळा दगड साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, पृथ्वी 454 कोटींची. पृथ्वीचं वय एक वर्ष धरलं तर आपला सह्याद्रीचा दगड 26 डिसेंबरला तयार झाला, आणि 1674 चा राज्याभिषेक 31 डिसेंबरच्या रात्री बारा वाजायला जेमतेम अडीच सेकंद असताना. पुढच्या वेळी घाटात चहाला थांबलात की पोरांना तो लाल पट्टा नक्की दाखवा, हात लावू द्या त्याला.